एक टिंब कमी

बताका परत करायला सात दिवस उरले
आणि घरात एकोणीस वर्षं.
कार्गोवाला म्हणाला, किलोला सहाशे बैसा.
तेव्हापासून हातात येईल ती वस्तू
मी आधी तोलून बघते, मग आठवते.

वादी कबीरला, टायरच्या दुकानांमागे,
जुन्या वस्तूंचं एक धर्मादाय दुकान आहे.
शम्सा नावाची बाई कानावर पेन्सिल खोचून
सगळं उलटंपालटं करून बघते.
इस्त्री चालते? चालते.
पंखा? चालतो, पण तीनवर कुरकुरतो.
उश्या नकोत. उश्या आम्ही घेत नाही.
उश्या परत गाडीत.
पलंग कालच गेला, म्हणजे आज त्या लागणारच होत्या.

पुरणयंत्र तिनं बराच वेळ फिरवलं.
मी हातानं दाखवलं: डाळ, गूळ, असं गोल गोल.
तिनं चिठ्ठी लावली, टोमॅटोसाठी.
बरं. टोमॅटोसाठी.

मग पातेलं.
काठावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं.
हे काय लिहिलंय?
नक्षी आहे, म्हणाले मी.
नाव सांगितलं असतं तर आत्या सांगावी लागली असती,
आणि आत्या काही तेवढ्यात आटोपत नाही:
लग्नाच्या आदल्या दिवशी चिपळूणच्या भांड्यांच्या दुकानात
नाव घालणाऱ्याच्या डोक्यावर उभी,
शेवंतातलं टिंब विसरशील हां मेल्या,
आणि यंत्राच्या घरघरीत त्यानं ते विसरणं.
जन्मभर मग कुणी पातेलं घासलं की
हिचं सुरू, बघा, माझं टिंब खाल्लं त्यानं.

एक रियाल, शम्सानं लिहिलं.

पावती घेत होते, तर मागून आवाज आला,
शे… व… ता… बाई.
सावकाश, शाळेतल्यासारखा.
निळ्या गणवेशातला वॉचमन, छातीवर लोकेंद्र,
गाव पाल्पा, नेपाळ.
पातेलं उजेडाकडे धरून वाचत होता.
एकोणीस वर्षांत या शहरात
आत्येला कुणी हाक मारली नव्हती.

कौन है ये? त्यानं विचारलं.
मी म्हटलं, शेवंता. वर एक टिंब राहिलंय.
त्यानं त्या जागेवर अंगठा ठेवला,
तिथं नुसतं गुळगुळीत स्टील.

यात चौघांचा भात होईल का?
होतो, म्हटलं.
खाली लागतो थोडा, आच कमी ठेवायची.
झाकण मात्र दुसरं बघा,
याचं कधीच हरवलं.