खिळा कुठे ठोकायचा

लोवेचला, ओसम नदीवरच्या छपराच्या पुलापलीकडे
त्सोन्काचं दुकान: दोन प्रिंटर, एक कटिंग मशीन,
आणि खिडकीशी मी, रालित्सा, तीन आठवड्यांची उमेदवार.
लग्नपत्रिका वर्षाकाठी दहा-बारा,
बाकी सगळी शोकपत्रकं.
इथे माणूस गेला की त्याचा फोटो दारावर लागतो,
बसथांब्यावर, पावाच्या दुकानापुढच्या लिंडनवर.
चाळीस दिवसांनी पुन्हा. सहा महिन्यांनी. वर्षाने.
लोक झाडं वाचत वाचत भाजी आणायला जातात.

"मार्जिन सोड," पहिल्या दिवशी त्सोन्का म्हणाली.
"खिळा तिथे ठोकतात. नावावर नाही ठोकायचा."

हायरार्की शिकवताना तिने चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हातारी रस्त्यापलीकडून बघते.
तिला आधी कोण, मग कधी, मग चर्चमध्ये किती वाजता.
'अतीव दुःखाने' वगैरे तिला पाठच आहे,
ते आठ पॉइंटात टाक."
मी आठ टाकले.
छापायच्या आधी तिने गुपचूप दहा केले.

केर्निंग मला स्क्रीनवर दिसायचंच नाही.
गुरुवारी फोनवर एक नाव आलं, गाव्राइल,
तिने ते वीतभर मोठं छापलं, उलटं धरलं,
तेव्हा दिसली पहिल्या दोन अक्षरांतली फट,
थंडीत कुणी दार नुसतं लोटून गेल्यासारखी.

मोकळी जागा सर्वांत अवघड.
मी गुलाब टाकले होते, मेणबत्ती, ढग, कबुतर.
एकेक काढायला लावलं.
कबुतरासाठी मी जरा भांडले.

शनिवारी गाव्राइलची बायको आली, पेनका,
ओल्या बुटांनी, पिशवीत गाजरं.
मजकुराच्या शेवटी एकच शब्द खाली पडला होता: कुटुंबीय.
नवा शब्द वापरायची हौस, मी म्हणाले,
"इथे विधवा राहिलीय, तिला वर ओढून घेते."
कटिंग मशीन तेवढं चालू राहिलं.
"ओढ बाई," पेनका म्हणाली, "कुठे ओढतेस ते सांग."

फोटो भाचीच्या लग्नातला, कॉलर वाकडी, तो हसतोय.
क्रॉप केला.
टेबल गेलं, रकियाची बाटली गेली, नवरी गेली,
त्याच्या खांद्यावर एक हात मात्र उरला,
मनगटाशी तुटलेला, चार बोटं.
"पुसते," म्हटलं, "दोन मिनिटांचं काम."
"माझाय तो," ती म्हणाली.

त्सोन्काने यावर कुठलाच नियम सांगितला नाही.
काळी चौकट किंचित बारीक केली
आणि चहा ठेवायला आत गेली.

ऑक्टोबरात पेनका पुन्हा आली, सहा महिन्यांचं करायला.
तो हात तिला नीट हवा होता, असा मध्येच तुटका नको.
मी मूळ फोटो उघडला,
बाही, कोपर, सगळी बाजू कागदाच्या कडेपर्यंत नेली,
कडेच्याही तीन मिलिमीटर पुढे.
याला ब्लीड म्हणतात, मी तिला समजावलं,
कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून.
ती मान हलवत होती, कळलं की नाही कोण जाणे.

"पण मग या बाजूला मार्जिन उरत नाही," मी म्हणाले.
"खिळा कुठे ठोकाल?"

तिने कागद हातभर लांब धरला,
मग नाकाशी आणला.
"ठोकीन," म्हणाली, "मी बघून ठोकीन."