दुसरा पाय

मंगळवारी ॲनाटॉमीच्या तासाला
बदरिया मॅडमनी आम्हाला बसमध्ये घातलं
आणि मनामाच्या एका संग्रहालयात आणून
एका चित्रापुढे उभं केलं.
नर्सिंगच्या चौदा पोरी, पंचेचाळीस मिनिटं,
चित्र एकच.

वीस वाक्यं लिहायची.
‘वाटतं’ हा शब्द नको,
‘बहुधा’ नको, ‘सुंदर’ तर अजिबात नको.
वॉर्डात लिहिता ना तुम्ही, रुग्ण बरा वाटतो?
कुणाला वाटतो? कशावरून?
इथे फक्त दिसतं ते.

चित्र जुन्या मोतीवाल्यांचं.
तापून पांढरं पडलेलं आभाळ, एक गलबत,
पाण्यात उतरणारा पाणबुड्या,
नाकाला चाप, पायाला दगड,
आणि वर काठाला टेकून
त्याचा दोर धरणारा.

पाच वाक्यांत माझं चित्र संपलं.
हेसाचं तीन वाक्यांत:
तिचे पणजोबा ह्याच धंद्यातले,
तिला सगळं आधीच माहीत,
म्हणून तिला काहीच दिसेना.
मारिसेल घड्याळाकडे बघत होती.
मी फ्रेमचे खिळे मोजले.

मग कधीतरी, दहाव्या की पंधराव्या मिनिटाला,
बघून बघून डोळे कंटाळले
आणि दिसायला लागलं.
बरगड्या. डाव्या बाजूच्या सात, मोजता येतात.
गळ्याच्या हाडामागे खड्डा.
मानेवर कानामागून छातीपर्यंत उतरलेला एक ताठ पट्टा.
स्टर्नोक्लायडोमास्टॉइड!
परीक्षेसाठी पाढ्यासारखा घोकलेला,
पेपर टाकला तशी विसरलेला स्नायू
इथे कामावर होता.
माणूस शेवटचा श्वास भरून घेत होता, बुडण्याआधीचा,
आणि तो कसा घेतात
ते मला पान उलटून बघावं लागलं नाही.

सतरा वाक्यं झाली.
अठरावं सुचेना म्हणून चुळबुळत होते, तेवढ्यात
दालनाच्या पहारेकऱ्यानं माझ्या ओळखपत्रावर
खानविलकर वाचलं.
“कुठली गो तू?”
कमरुद्दीन सोलकर, बुरोंडीचे.
नऊ वर्षं ह्याच भिंतीसमोर.

“दोरवाल्याचं लिहिलंस?”
लिहिलं होतं. दोरवाला पाण्याकडे बघतो आहे.
“नीट बघ.”

डोळे मिटलेले होते त्याचे.
चौदा जणींपैकी एकीलाही दिसले नव्हते.
दोर धरणारा पाण्याकडे बघणारच,
असं आम्ही घरूनच ठरवून आलो होतो.

“पाण्याकडे बघून काय कळायचंय?
दोराला हिसका बसतो, तो हाताला कळतो.
माझा बाप तांडेल होता,
जाळ्यात काय आलं ते वर ओढायच्या आधी सांगायचा.”

मी खोडून पुन्हा लिहिलं.
वही गुडघ्यावर टेकवायला खाली वाकले
आणि चाचांचा बूट दिसला.
नाडी शेवटच्या भोकापर्यंत सैल.
मोज्याच्या रबराचा वळ, खोल, त्याच्यावर मांस फुगलेलं.
“किती दिवसांपासून?”
“काय?”
“पाय.”
“तो होय, उभं राहून होतं तसं. बसायचं नसतं इथे.”

भिंतीवर अरबीत आणि इंग्रजीत पाटी होती,
हात लावू नये.
मी विचारून घोट्यावर अंगठा दाबला.
पाचपर्यंत मोजलं. उचलला.
खळगा तसाच.
सहा, सात, आठ,
ओल्या वाळूत पाऊल राहतं तसा.
हेसा येऊन शेजारी उकिडवी बसली,
बोलली नाही, तीही मोजत होती.
अठरा. एकोणीस.
चाचा ओशाळून छताकडे बघत होते,
नऊ वर्षांत त्यांच्याकडे
कुणी इतका वेळ बघितलं नसावं.
(‘नसावं’ नको. ते मला दिसलं नाही.)

बसमध्ये मॅडमनी वह्या गोळा केल्या.
माझं विसावं वाक्य चित्रातलं नव्हतं.
त्यांनी ते दोनदा वाचलं,
खोडलं नाही, बरोबरची खूणही केली नाही.
फक्त विचारलं,
“दुसरा पाय बघितलास?”

बस सुरू झाली होती.
मी उतरले.