सात टाके राखीव

निवतीत लोकर बघून बायका हसल्या.
मे महिना, अंगावर पदर ठरत नाही,
आणि माझ्या मांडीवर हे मेंढराचं ओझं,
दमट, कुबट, सुक्या बांगड्याच्या फळीशेजारी.

वैजू जहाजावर थर्ड इंजिनियर.
फोनवर म्हणाली, "आये, फुडसून उघडो होयो.
खाली इंजिनात उकाडता, वर डेकार बोटां गोठतत.
डोक्यातसून काढूक येळ नसता."

मी गणिताची चौकटीची वही घेतली.
बांगड्याच्या पाठीवरची नागमोड
एका चौकोनाला एक टाका अशी उतरवली.
तीनदा खोडली. बांगडा न दिसता
जिना दिसत होता.
चौथ्यांदा खरा बांगडाच ताटलीत घेऊन बसले,
दुपारी त्याचं तिखलं केलं.

गोल सुईवर दोनशे चोवीस टाके.
बाबा पाग असाच विणायचे, शेंड्यापासून घेराकडे.
मी कमरेपासून गळ्याकडे.
फेरा संपत नाही, नुसता वर चढतो.
सुलट बाजू सतत माझ्याकडे,
एकही उलट टाका नाही.
न लागणारा रंग पाठीमागून धावत राहतो
आपली पाळी येईपर्यंत.

आणि समोर, मधोमध, सात टाके
जे कुणाचेच नाहीत.
नक्षीत मोजायचे नाहीत, मापात धरायचे नाहीत,
एक काळा एक पांढरा, एक काळा एक पांढरा,
दर फेऱ्याला नीट विणायचे
ते कापण्यासाठी.

बाबांच्या हातात कात्री पाहिली ती फक्त
फाटलेलं भोक सरळ करायला,
वेडंवाकडं भोक सांधता येत नाही म्हणून.
धडक्या जाळ्याला कात्री लावली
तर थोरल्या भावाला दोन दिवस होडीत घेतलं नव्हतं.
मी नऊ वर्षांची. भोकं सांधायला मला बसवायचे,
नवा पाग कधी घालू दिला नाही.

नारळी पुनवेनंतर होड्या गेल्या
आणि मी स्वेटर पिशवीत घालून कैतान टेलरकडे.
सात टाक्यांच्या दोन्ही कडांना
त्यानं बारीक दुहेरी टीप मारली,
मग कात्री माझ्यापुढे सरकवली.
"शिवान दिलंय. कापूचा तुझा तू बघ."
आणि खरंच तोंड फिरवून बॉबिन भरत बसला.

खालून सुरुवात केली,
चौथ्या टाक्याच्या मधून.
पहिल्या कचक्याला माझाच श्वास अडकला.
नायलॉन असतं तर सरसर उसवलं असतं छातीपर्यंत.
लोकर उसवली नाही.
तिचे केस एकमेकांत रुतून बसलेले,
साडेतीन महिने, माझ्या मांडीवर, माझ्या घामात.
कापलेला टाका जागच्या जागी
तोंड उघडून राहिला,
पुढं काही बोलला नाही.

मग मी थांबलेच नाही.
गळ्याशी पोचले, आणि इतके दिवस नळकांडं होतं ते
टेबलावर सपाट पसरलं,
वाळत घालायला पोट चिरलेल्या माशासारखं.
कैतान वळला. बोटानं कड दाबून बघितली.
"मेलो नाय," म्हणाला.

घरी येऊन कडा आत दुमडल्या, टाचल्या.
त्या साताचे आता इकडे साडेतीन, तिकडे साडेतीन,
आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाहीत असे.
करवंटीची नऊ बटणं घासून घेतली,
डाव्या बाहीचं माप दोन बोटं चुकलं ते तसंच ठेवलं,
आणि वेंगुर्ल्याला जाऊन पार्सल केलं.

काल फोटो आला.
मागे पांढरा डोंगर, डेकवर बर्फ,
वैजूच्या नाकाचा शेंडा लाल.
स्वेटर घातलाय.

एकही बटण लावलेलं नाही.