झडती

तुझा दहावा दसकच्या घाटावर झाला.
तुषारनं केलं सगळं. पुतण्याच करतो, गुरुजी म्हणाले,
आणि माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?
‘काकांचे मित्र. एकत्र राहायचे. भाडं वाचायचं.’
भाडं वाचायचं, शिरीष.
छत्तीस वर्षांचं किती वाचलं असेल, कर हिशेब,
तू नोटांच्या प्रेसमधला माणूस.

पिंड ठेवला. सगळे मागे सरले.
मी मनातून तयार होतो:
कावळा काही लवकर यायचा नाही,
वहिनी म्हणतील, भाऊजी, कसली काळजी करू नका,
तुषार म्हणेल, काका, बँकेचं मी बघतो,
तरी तो शिवणार नाही,
उन्हं चढतील, गुरुजी घड्याळ बघतील,
शेवटी कुणीतरी वैतागून म्हणेल,
त्या मित्राला बोलवा जरा पुढं.
काय बोलायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

दोन मिनिटं लागली नाहीत.
आला, झडप घातली, गेला.
‘सुटले बाई,’ वहिनी म्हणाल्या, ‘कशात जीव नव्हता अडकलेला.’
सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.
जेवायची घाई तुला पहिल्यापासूनच.
पण थोडा थांबला असतास
तर काय बिघडलं असतं?

तू सांगायचास, सुटी झाली की फाटकावर झडती.
खिसे, डबा, चपलेचा तळ.
दिवसभर लाखांत हात बुडवून
माणूस बाहेर यायचा तो रिकामा.
आपणही दाराबाहेर पडताना
एकमेकांना चाचपून घ्यायचो,
आवाजात काही राहिलंय का, नजरेत काही.
बिटको चौकात तू दोन पावलं पुढे,
भज्यांच्या गाडीवर पैसे वेगवेगळे.
छत्तीस वर्षांत एकदाही सापडलो नाही.
आता वाटतं, एखाद्या वेळी
सापडायला हवं होतं.

घाटावरून निघतानासुद्धा तपासलं मी स्वतःला:
डोळे, मित्राला शोभतील इतकेच ओले.

वांगं तुला चालायचं नाही, म्हणून मीही सोडलेलं.
गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातून पाव किलो आणली,
काटेरी, जांभळी. आता कोण अडवणार?
फ्रिजमध्ये सुरकुतली.
पुढचा बुधवारही होऊन गेला.

सिलेंडर तुझ्या नावावर.
आकडे तुझ्याच फोनवर येतात,
म्हणून रोज रात्री तो चार्जिंगला लावतो, माझा विसरतो.
आज पोरगा आला,
टाकी खांद्यावरून उतरवत जिन्यातूनच ओरडला,
‘कुलथे?’
मी चार आकडे वाचून दाखवले.
पावतीवर सही केली, काहीतरी गिरगोटा.
जाताना म्हणाला,
‘नळी बदलून घ्या, कुलथेकाका, चिरलीये.’

बराच वेळ दार लावलं नाही मी.
खालपर्यंत त्याच्या चपला वाजत होत्या.
कुणी कधी हाक मारली नव्हती मला या नावानं,
ना तुझ्या घरच्यांनी, ना माझ्या,
चेष्टेतसुद्धा तू नाहीस.
फाटकावर आज कुणी नव्हतं.
मी ते तसंच, उघड्या हातात धरून,
आत घेऊन आलो.

नळी उद्या बदलतो.