तक्रार वही

लिफ्ट पहिल्यांदा बंद पडली
तेव्हा कुणी काही बोललं नाही.
झोपडीत तरी कुठं होती लिफ्ट,
म्हणत हसत चढलो.

दमयंती खरटमोल नवव्यावर टेकली,
म्हणाली, माझेच गुडघे गेलेत.
झुलेखा बाराव्यावर म्हणाली, माझंच नशीब.
मी चौदाव्यावर. बायकोवर खेकसलो,
भाजी एकदाच आणता येत नाही का.
जिन्यात प्रत्येकाचा राग वेगळा,
ज्याचा त्याचा,
हंड्यांवर नावं घालतात तसा.

मग एकमेकांना धरलं.
वरचे म्हणाले, खालच्यांची पोरं बटणं दाबतात.
खालचे म्हणाले, वरचे गोण्या चढवतात.
कुणी भाडेकरूंवर घसरलं, कुणी जातीवर.
वॉचमन बदलला.
लिफ्ट बंदच.

खिडकीतून समोरचा टॉवर दिसतो.
बिल्डर तोच, प्लॉट तोच,
माझी मोरी होती तिथं आता त्यांचं कारंजं.
मध्ये भिंत, भिंतीवर काचा.
त्यांची लिफ्टही काचेची.
रात्री त्यातून एक कुत्रं खाली उतरतं फिरायला.
सोबत माणूस असणारच,
पण दिसतं ते कुत्रंच.
गरिबीनं माणूस उठत नाही, मी सांगतो.
मी चाळीस वर्षं गरीब होतो, झोप छान लागायची.

परशुराम वायदंडे गेला
तेव्हा खुर्चीला बांधून आणला अकराव्यावरून.
वळणावळणावर फक्त,
जरा डावीकडे. सांभाळून. मान धरा.
नवव्यावर दमयंतीनं पाणी दिलं
आणि विचारलं,
आज कितवा दिवस?
खुर्ची हातात, आणि कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं नातवाची गणिताची वही आणली.
कोऱ्या पानांवर तारखा.
मजल्यामजल्यावरून सह्या, झुलेखाची उर्दूत.
सातव्यावरची बाळंतीण. डबेवाली शेवंता, चार फेऱ्या.
बारक्याचं डायलिसिस, आठवड्याला तीनदा.
अर्ज मी लिहायला घेतला,
सुरुवात केली, माझी अशी तक्रार आहे की.
दमयंतीनं पेन काढून घेतलं.
'माझी' खोडलं,
वर लिहिलं, आमची.
एवढंच झालं. पण त्या दिवसापासून
जिना चढताना लोक बोलायला लागले.

पालिकेची निवडणूक लागली.
गेटवर बॅनर, जोडलेले हात,
हातांच्या मागे माणूस.
म्हणाला, मावशी, आपण मिळून सोडवू हा प्रश्न.
दमयंती म्हणाली,
आपण नाही, साहेब. आम्ही.
तुम्ही ते तुम्ही.
पोरं हसली. मग हसायची थांबली.
वही नवव्यावर आहे, ती म्हणाली,
वर या, तिथं बोलू.

तो निघाला. मागे त्याची माणसं,
त्यांच्या मागे आम्ही, न बोलता, मजले मोजत.

त्या दिवसाची नोंद तिच्याच अक्षरात आहे:
दिवस एकशे एकोणपन्नास. लिफ्ट बंद.
उमेदवार एक. चौथ्या मजल्यापर्यंत.
फोन आला म्हणून परत.
साक्षीदार, आणि खाली
सह्यांना पान पुरलं नाही.