सदतिसावा रकाना

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. सकाळचे अकरा,
पत्र्याखाली आत्ताच दुपार.
चिलवेरी टेक्स्टाइल्स : टॉवेल, नॅपकिन.
माझ्या फॉर्मवर छत्तीस रकाने,
शेवटचा तेवढा मोठा :
फोन-इंटरनेट बदलायला हवं का? हो / नाही.

अंबादासशेठ म्हणाले, "सगळं जुनं झालंय की, मॅडम.
काढायचं ते काढा, घालायचं ते घाला.
पोरगा पुण्याहून बोंबलतोय,
पप्पा, कारखान्याचा फोन कुणी उचलतच नाही."
आणि कडक भाकरी मोडून
कागदावर शेंगाचटणी पुढे केली.

मी मोजत निघाले.
एक्स्चेंजची पेटी : चौऱ्याण्णव सालची, आठ लाइनी.
तीन मेलेल्या. एक बोलते, पण ऐकत नाही.
("ती आमच्या मेहुण्याच्या टेबलाची," शेठ म्हणाले.)
राऊटर : लोखंडी कपाटाच्या मागं,
दोन्ही कानांवर तूस साचलेलं,
इथं सगळ्यांच्याच भुवयांवर साचतं तसं.
पासवर्ड : शेठच्या लग्नाची तारीख, दारावर खडूनं.
वेग : जेवणाच्या सुट्टीत शून्याच्या शेजारी.

मग ऑफिसच्या दारात उभी राहून, माझ्याच मोबाइलवरून
मी कारखान्याला फोन लावला.
वाजला. चांगला खणखणीत वाजला असणार.
दोन हातांवरच्या कारकुनानंही मान वर केली नाही.
भिंतीपलीकडं चोवीस माग एकदम चालू होते.

वाइंडिंगवरच्या नरसव्वा येमूल यांनी
माझ्याकडं बघून ओठ हलवले. आवाज नाही, नुसते ओठ.
मागाशेजारी जन्म गेलेली माणसं अशीच बोलतात.
मला वाचता येईना, तेव्हा त्यांनी बोट वर केलं :
तुळईला एक लाल दिवा, काळा पडलेला.
बाहेर नेऊन सांगितलं,
"रिंग आली की ते पेटत होतं. आमच्या मालकांनी बसवलेलं.
ते गेले, मागनं दिवा बी गेला.
कुणाला सांगायचं? मला कोण विचारलं?"

दिवा पंधरा रुपयांचा. शिडी. पाच मिनिटं.
पुन्हा फोन लावला तर आख्खी शेड
लाल व्हायला लागली, विझायला लागली,
आणि नऊ माणसं एकदम ऑफिसकडं पळाली.

"झालं की," शेठ म्हणाले. "वाचले पैसे."
मीही 'नाही'वर पेन टेकवलं होतं.
(माझं कमिशन 'हो'वर असतं,
हे इथंच सांगून टाकलेलं बरं.)

एक वाजता माग थांबले. कान गच्च झाले शांततेनं.
नरसव्वांनी डबा उघडला, मांडीवर मोबाइल उभा केला :
भिवंडीची लेक.
तिकडचे माग चालूच, म्हणून ओठांवरच बोलणं.
मध्येच चित्र अडकलं.
लेकीचं तोंड अर्धं उघडं राहिलं.
नरसव्वाही थांबल्या, घास हातात धरून.
अर्ध्या उघड्या तोंडात काहीही असू शकतं :
पगार, ताप, नातू.
ते चक्र तेवढं फिरत राहिलं, गोल,
रिकाम्या बॉबिनसारखं.
मग पडदा काळा झाला आणि त्यात
त्यांचाच चेहरा दिसला, तूस लागलेला.

"रोज असंच होतंय," त्या म्हणाल्या,
आणि घास खाल्ला.

फॉर्मवर यासाठी रकाना नव्हता.
सदतिसावा मी पेनानं आखला. रेघ वाकडी आली.
वाइंडिंगचा कोपरा, खिडकीपाशी,
तूस पोचणार नाही इतक्या उंचीवर.
फोनची पेटी : राहू द्या.
इंटरनेट : हो.

शेठनं वाचलं, चष्मा वर सरकवला.
"वाइंडिंगला कशाला? धंद्याला काय उपयोग?"

चटणीचं तिखट अजून जिभेवर होतं.
मी पाणी मागितलं.