नवे उपक्रम

सेक्टर पंधरा, कोपरखैरणे.
कार्यकारिणीपुढे उद्या कागद ठेवायचाय.

लिहिलं: बालविभाग, शनिवारी गोष्टी.
लिहिलं: दिवाळी अंक, ठेव शंभर रुपये.
मग ‘ठेव’ खोडली.

दुपारी दोनला
कांदा-बटाटा मार्केटातून सुटलेले भिलारे येतात,
मानेला अजून गोणपाटाचा वास.
पेपर उघडतात,
पंख्याखाली डुलकी घेतात.
नोंदवहीत मी रोज लिहिते: वाचक, एक.

काल मात्र चष्मा पुसत म्हणाले,
‘मॅडम, हे बारीक टायपाचं
कुणी मोठ्यानं वाचलं तर?’

कागदावर एक ओळ वाढली.
खर्च शून्य.
वेळ दोन ते तीन.
आवाज माझाच, बसलेला.
आणि पंखा
एकवर ठेवावा लागेल,
फार खडखडतो.